सोळा सेलचा वास

चहा घ्या आधी, आणि कप दोन्ही हातांनी धरा. कारण मी जे सांगणार आहे त्यात अग्निशमन दलाची गाडी येते. घंटा वाजवत येते आणि थेट माझ्या दारात येऊन थांबते. आग? छे हो! आग लागली असती तर मान तरी राहिला असता.

पाथर्डी फाट्याजवळच्या आमच्या कॉलनीत कुणालाही विचारा, "निकम काकांचं घर कुठलं?" लगेच दाखवतात. आणि दाखवताना हसतात. पूर्वी असं नव्हतं. पूर्वी या घराला मालतीवहिनींचं घर म्हणायचे.

मालती म्हणजे माझी बायको. गेल्या गणपतीत तिला तीन दिवस ताप आला आणि चौथ्या दिवशी ती नव्हती. एवढंच. याहून जास्त मला सांगता येत नाही, आणि किस्सा तो नाहीच.

किस्सा आमरसाचा आहे.

मालती दर मे महिन्यात आमरस काढून गोठवून ठेवायची. किती? अहो, त्यासाठी मागच्या खोलीत कमरेएवढा उभा डीप फ्रिज होता! स्वयंपाकघरातला फ्रिज वेगळा, हा फक्त तिचा. डब्यांवर पांढऱ्या चिकटपट्ट्या, त्यांवर पेननं नावं. 'मृणाल'. 'गांगुर्डे'. 'पाहुणे'. आणि एकावर, 'ह्यांचा, बिनसाखर'. मला साखरेचा त्रास, म्हणून. पस्तीस वर्षांत तिनं माझं नाव तोंडानं कधी घेतलं नाही, तर डब्यावर कशी लिहील?

ती गेली तेव्हा फ्रिजमध्ये अठरा डबे होते. मार्च उजाडला तरी अठराच होते. मी तो फ्रिज उघडतच नव्हतो. उघडून काय बघायचं? आहेत, एवढं माहीत होतं. पुरे होतं.

मृणाल आमची एकुलती एक लेक. पुण्याला असते. सातवा महिना लागला होता, पहिलं बाळंतपण, आणि ते माहेरीच करायचं असा तिचा हट्ट. माहेरी कोण, तर मी! वरण करपवणारा माणूस. पण ती म्हणाली, "बाबा, मी येणारच. आणि ऐका ना, आईचा रस आहे का हो अजून?"

"आहे. सगळा आहे."

"मला सारखा तोच डोळ्यासमोर येतोय. आले की पहिल्यांदा तोच खाणार."

मी फोन ठेवला आणि नेमकी त्याच आठवड्यात आमच्या गल्लीची डीपी, म्हणजे कोपऱ्यावरचा ट्रान्सफॉर्मर, आजारी पडली. लाइट रोज जायची. आधी दोन तास, मग चार, आणि एके दिवशी सलग दहा. आमच्या छतावर सोलर आहे, खाली बॅटरीही आहे, पण ती लहान. डीप फ्रिज चार-पाच तास ओढायची आणि मान टाकायची. त्या दहा तासांनंतर मी पहिल्यांदा दार उघडलं, वरच्या डब्यावर बोट दाबून पाहिलं. कडेला रस मऊ झाला होता. जरासाच. पण मी दार धाडकन लावून टाकलं!

ठरवलं. बॅटरी वाढवायची. आणि स्वतःच्या हातानं सेल जोडून वाढवायची.

तुम्ही म्हणाल, तयार बॅटरी मिळते की, माणूस येऊन लावून जातो. बरोबर आहे. मी सगळ्यांना सांगायचो, "अहो, सातपूरला कारखान्यात बत्तीस वर्षं स्टोअर सांभाळलं मी, एक नट कधी हरवला नाही. एवढं जमणार नाही का?" पण खरं कारण वेगळं होतं. तयार बॅटरी तासाभरात बसते. मग उरलेल्या दिवसाचं मी काय करायचं होतं?

तर सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत एक भाबड म्हणून आहे. गाळ्यात लिथियमचे सेल विकतो. पस्तिशीचा, भरपूर बोलणारा, पण मालाचा पक्का. त्यानं माझ्यासमोर सोळा सेल मांडले. एकेक विटेएवढा, निळ्या वेष्टनातला, हातात घेतला की मनगट वाकावं असा जड.

"काका, लय भारी माल हे. पण एक गोष्ट कान देऊन ऐका. हे सोळा भाऊ हायेत. एकाचं पोट भरलेलं आन् एक उपाशी, असं चालत नाय. आधी सगळ्यांला एकत्र जोडायचं आन् या छोट्या चार्जरवर हळूहळू सारखं भरायचं. मगच बॅटरी बांधायची."

"किती वेळ लागेल?"

"चार दिवस धरा. घाई नाय करायची. आन् लक्ष ठेवा."

"अरे, लक्ष ठेवायला मी मोकळाच आहे."

"आन् काका, सेलमधून गोडसर, उग्र वास आला ना, तर समजायचं आतलं रसायन गळतंय. मग शहाणपणा नाय करायचा. चार्जर बंद, आन् मला फोन."

गोडसर वास. हे शब्द मी वहीत लिहून घेतले. खाली दोन रेघा मारल्या. बत्तीस वर्षांची सवय!

घरी आलो. मागच्या खोलीत जुनं जेवणाचं टेबल होतं, त्यावर सोळा सेल दोन रांगांत मांडले. तांब्याच्या पट्ट्यांनी जोडले. हातात रबरी मोजे, डोळ्यांवर मालतीचा शिवणकामाचा चष्मा, कारण माझा सापडेना. सेलचे थर्माकोलचे खोके कुठे ठेवायचे? डीप फ्रिजवर रचले. उरले ते त्याच्या दारासमोर रचले. फ्रिज पार दिसेनासा झाला.

आता चार्जर लावायचा. त्या खोलीत प्लग एकच. त्यावर फ्रिज. मी म्हटलं, आधी चार्जर चालतोय का ते बघू, मग आतल्या खोलीतून लांब वायर ओढून घेऊ. फ्रिजची पिन काढली. दहा मिनिटांसाठी.

हे तुम्ही लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही.

चार्जर चालू झाला, छोट्या पडद्यावर व्होल्टचा आकडा उमटला आणि मी जो त्या आकड्यात गुंतलो! तीन पूर्णांक एकोणतीस. तासाभरानं तीन पूर्णांक तीस. तुम्हाला वाटेल, यात काय बघायचं? अहो, सहा महिन्यांत माझ्या घरात पहिल्यांदा काहीतरी वाढत होतं! मी तिथेच खुर्ची टाकली. पोहे तिथे, चहा तिथे, पेपर तिथे. दर तासाला आकडा वहीत. चक्क बोलायला लागलो मी त्या सेलशी. "काय रे सात नंबर, गरम नाही ना झालास?" घरात दुसऱ्या कुणाशी बोलणार?

मृणालचा फोन आला की म्हणायचो, "तू निर्धास्त ये. आता लाइट जाऊ दे नाहीतर राहू दे, तुझा रस दगडासारखा राहील."

तोपर्यंत आत काय झालं असेल, विचार करा.

चौथ्या दिवशी दुपारी मी जेवून परत खुर्चीवर आलो आणि नाक वर केलं. वास! गोडसर! आणि उग्र!

वही काढली. दोन रेघांच्या वरती लिहिलेलं वाचलं. पुन्हा हुंगलं. तोच! पटकन चार्जर बंद केला, खाली वाकलो, तर टेबलाजवळ फरशीवर ओघळ. पिवळसर, चिकट. खोक्यांच्या खालून आलेला.

रसायन!

भाबडला फोन लावला. "अरे, तुझे सेल गळतायत!"

"काका, प्रश्नच नाय. नवाकोरा माल हे."

"मग मी खोटं बोलतोय? फोटो पाठवतो, बघ."

फोटो पाठवला. तो बघून हळूच म्हणाला, "काका, राग मानू नका. पण रसायन पाण्यासारखं असतंय. हे तर आमरसासारखं दिसतंय."

"थट्टा करतोस माझी? इथे माणूस मरायला टेकलाय आणि तू थट्टा करतोस? तुझ्यासारख्या माणसांवर विश्वास ठेवला हीच माझी चूक!" आणखीही बोललो. जे बोललो ते इथे सांगत नाही. सांगण्यासारखं नव्हतं.

"मी निघतो काका," एवढंच म्हणाला तो. "बदलून देतो सगळे."

तेवढ्यात शेजारचे गांगुर्डे भाऊ दारात. हे मूळचे नामपूरचे. उभा जन्म कांद्याच्या व्यापारात गेला. कांदा साठवायच्या चाळीत हजारांत एक सडका असला तरी बाहेरून सांगतील, असं त्यांचं नाक. आत आले, दोनदा हुंगलं आणि घाईत त्यांची घरची अहिराणीच बाहेर पडली, "भो, काहीतरी सडेल शे!"

"सडलंय काय भाऊ, रसायन आहे! लिथियमचं! मागे व्हा!"

"अहो, पण सडल्याचा वास मला..."

"तुमचा कांदा नाही हा! मागे व्हा म्हणतो ना!"

बघा. ज्या एका माणसाला खरं कळलं होतं, त्याला मी हाताला धरून बाहेर काढलं.

मग माझी धावपळ सुरू. रबरी मोजे चढवले, तोंडाला ओला पंचा बांधला, पट्ट्या सोडवल्या आणि एकेक सेल तान्ह्या बाळासारखा छातीशी धरून अंगणात नेऊन ठेवला. सोळा खेपा! पासष्ट वर्षांचा मी! समोर एकाच्या घराचं काम चाललेलं, तिथून भाऊंनी घमेल्यानं वाळू आणली, ती सेलभोवती पसरली. परत आत येऊन हुंगलं, तर वास तसाच. उलट वाढलेला. म्हटलं, वायू घरात साठलाय. पंखा लावला पूर्ण वेगात. झालं! वास जो घराबाहेर पडला, तो अख्ख्या गल्लीत.

गांगुर्डे वहिनींनी काळजीनं कॉलनीच्या ग्रुपवर लिहिलं, 'निकम काकांकडे बॅटरी गळतेय, जपून रहा.' पुढच्यानं लिहिलं, 'निकम काकांकडे गॅस गळतोय.' तिसऱ्यानं, 'कॉलनीत स्फोट होण्याची शक्यता.' चौथा सरळ अग्निशमन दलाला फोन लावायला निघाला. मला विचारलं, "काका, बोलावू ना?" मी काय म्हणालो असेन? "बोलवा! लवकर बोलवा!"

गाडी आली. घंटा, शिट्टी, सगळं साग्रसंगीत. गल्लीत तीसेक माणसं जमलेली. काही गच्चीवरून मोबाईल धरून. तोंडाला पंचा बांधलेला मी, हातात रबरी मोजे, अंगणात वाळूत ठेवलेले सोळा सेल. कुणी नवीन माणूस आला असता तर त्याला वाटलं असतं, हा बाबा कसलीतरी पूजा मांडून बसलाय.

त्यांचा प्रमुख भरघोस मिशांचा, शांत माणूस. आधी त्यानं मेन स्विच पाडला. मग वाळूपाशी बसून प्रत्येक सेल निरखला. मग आत गेला. मी मागे. खोलीच्या दारात उभं राहून त्यानं खोल श्वास घेतला. मी ओरडलो, "साहेब, श्वास घेऊ नका!"

त्यानं माझ्याकडे वळून पाहिलं. "काका, मी दिंडोरीचा. आमच्या गावाशेजारी वायनरी आहे. हंगामात द्राक्षं आंबायला लागली की असाच वास सुटतो. हे केमिकल नाही. हे फळ आंबलंय."

"फळ? माझ्या घरात फळ कुठलं साहेब? मला साखर आहे. मी फळ आणतच..."

आणि मी थांबलो.

त्यानं खोके बाजूला केले. एक, दोन, तीन. मागे फ्रिजचं दार. दाराच्या खालच्या फटीतून ओघळ. फ्रिजची पिन जमिनीवर पडलेली, चार दिवसांची धूळ खात.

त्यानं दार उघडलं.

डब्यांची झाकणं फुगून वर आली होती. काही उडालेली. रस सगळीकडे फेसाळून सांडलेला, वरच्या कप्प्यातून खालच्या कप्प्यात, तिथून दारात. आणि वास काय विचारता! दाराबाहेर जी माणसं जमली होती त्यांतला कुणीतरी म्हणाला, "अरे, आमरस!" आणि हशा पिकला. असा पिकला की गच्चीवरचे विचारायला लागले, "काय झालं? काय झालं?" आणि खालून उत्तर गेलं, "आमरसाचा स्फोट झाला!"

मीही हसलो. खरं सांगतो, मीही हसलो. दुसरं काय करतात अशा वेळी?

मग गांगुर्डे वहिनी पुढे आल्या. त्यांनी एक डबा उचलला, पदरानं पुसला. चिकटपट्टीवर त्यांचंच आडनाव होतं, मालतीच्या अक्षरात. त्या तशाच डबा धरून उभ्या राहिल्या. त्यांच्या मागचे हसायचे थांबले, मग त्यांच्या मागचे. बघता बघता दारातली गर्दी पांगली. अग्निशमन दलाच्या साहेबांनी टोपी काढून हातात घेतली. त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं.

जाताना ते एवढंच म्हणाले, "काका, सेल चांगले आहेत. काही झालेलं नाही त्यांना."

वहिनींनी डबे रिकामे केले, अंगणातल्या जांभळीच्या मुळाशी. मी म्हटलं, "एक राहू द्या." त्यांनी विचारलं नाही कुठला.

संध्याकाळी भाबड आला. सिन्नरहून, गाडीत नवे सोळा सेल घालून. एवढं ऐकून घेतलेलं, तरी आला. अंगणात बसून त्यानं त्याच्या मीटरनं एकेक सेल तपासला आणि बिचारा गोंधळला.

"काका, सगळे बरोबर दाखवतायत. कुठला गळतोय?"

मी त्याच्याजवळ खाली बसलो. "माल तुझा चांगला होता रे. खराब माझा झाला."

आणि मग मी त्याला सगळं सांगितलं. त्यानं ऐकलं, मीटर पिशवीत घातलं. म्हणाला, "मला माफी-बिफी नको काका. चहा टाका." मी टाकला. दोघांनी अंगणातच बसून प्यायला.

तो गेला आणि मृणालचा फोन. हसत होती! "बाबा, काय हे? मला गल्लीतल्या दोघींनी व्हिडिओ पाठवले. तोंडाला पंचा बांधून तुम्ही काय करत होता?"

"अगं, ते सेलचा जरा वास..."

"तुम्ही ठीक आहात ना?"

"मला काय झालंय!"

"आणि रस? रस वाचला ना?"

आता सांगायला हवं होतं की नाही? एका वाक्याचं काम होतं. पण तिकडे ती सातव्या महिन्यातली, दुसऱ्या दिवशी सकाळी निघणार, आणि तिची आई जाऊन सहा महिने. शिवाय आईला बाळाची बातमी कळलीच नव्हती. मृणालला स्वतःला कळलं, त्याच्या आठच दिवस आधी मालती गेली.

"वाचला," मी म्हणालो.

फोन ठेवला. समोर तो डबा. 'ह्यांचा, बिनसाखर'. झाकण फुगलेलं होतं, पण उडालं नव्हतं. मी चमचा आणला. झाकण काढताना फुस्स आवाज झाला, सोड्याच्या बाटलीसारखा. पहिल्याच चमच्याला जिभेला चरका बसला. कळलं मला. मूर्ख असलो तरी जीभ शाबूत आहे.

तरी दुसरा चमचा घेतला. मग तिसरा.

अख्खा डबा संपवला मी. चमच्यानं तळ खरवडून.

आता पुढचं सांगायला हवं का? पहाटे गांगुर्डे भाऊंनी मला रिक्षात घालून जवळच्या दवाखान्यात नेलं. रिक्षा दोनदा थांबवावी लागली. हाताला सलाइन, पोटात खळखळाट, तोंड असं पांढरं की भाऊ मला म्हणाले, "तुम्ही आरशात बघू नका."

दहा वाजता मृणाल तिथेच आली, भाऊंनी वाटेत फोन केला होता. जावयांनी गाडी लावेपर्यंत ती पोट सावरत थेट आत. आणि माझं नशीब बघा, नेमके त्याच वेळी डॉक्टर माझ्या पलंगाशी! तरुण डॉक्टर, मला ओळखत नव्हते. तिला म्हणाले, "तुम्ही यांची मुलगी का? अहो, आंबलेला आमरस खाल्लाय यांनी. डबाभर! घरात कुणी बघायला नाही का? तुमच्या आईंना आत बोलवा, त्यांना पथ्य समजावून सांगतो."

मी भिंतीकडे बघितलं. मृणाल म्हणाली, "मला सांगा. मीच करणार आहे."

डॉक्टर गेले. ती पलंगाच्या कडेला बसली. मला वाटलं, आता रागावेल. रागावावं, असंच वाटत होतं मला.

"सगळा गेला?"

"सगळा."

"कसा?"

सांगितलं. पिन, खोके, आकडे, सगळं. खाली मान घालून, शाळेत मास्तरांना सांगतात तसं.

"बाबा, सहा महिन्यांत तुम्ही एकदाही नाही खाल्लात?"

"तू येशील, तुला लागेल, म्हणून ठेवला होता."

तिचा चेहरा कसातरी झाला. "मी दिवाळीत आले होते ना. तेव्हा फार वाटलं होतं मागावा. पण म्हटलं, तुम्ही एकटे राहता, तुम्हाला राहू दे. म्हणून मागितला नाही."

घ्या! म्हणजे मी तिच्यासाठी राखला, तिनं माझ्यासाठी राखला, आणि खाल्ला कुणी? जंतूंनी! नंतर त्याच जंतूंनी मला खाल्लं.

हे मी तिला बोलूनही दाखवलं. ती हसायला लागली. पोटाला हात लावून हसत होती आणि डोळ्यांतून पाणी थांबत नव्हतं. मग विचारलं, "कसा होता हो?"

"आंबट."

"आईच्या हातचा लागत होता का?"

मी खूप आठवून बघितलं. खोटं बोलावंसं वाटलं, पण आदल्या दिवशीच एक बोलून झालं होतं.

"नाही गं," मी म्हणालो. "तो चार दिवसांपूर्वीच गेला होता."

ती माझ्या सलाइनच्या हातावर हात ठेवून बसून राहिली. बाटली संपेपर्यंत.

बॅटरी पुढच्या आठवड्यात झाली. भाबड स्वतः आला, सेल नीट भरून घेतले, पेटीत बसवले, छतावरच्या सोलरला जोडून दिले. झकास काम! आणि दोनच दिवसांत डीपीनं पुन्हा राम म्हटलं. दिवसभर लाइट नाही. गल्लीत सगळे हातपंख्यावर, आणि आमच्याकडे पंखे चालू, दिवे चालू, मागच्या खोलीत डीप फ्रिज अकरा तास अखंड घुमतोय. गांगुर्डे भाऊ कौतुकानं बघायला आले. आकडा बघितला, पेटीवर थाप मारली, आणि सहज म्हणून फ्रिजचं दार उघडलं.

आत काय होतं? काही नव्हतं. घासून पुसून ठेवलेले कप्पे, आणि बर्फ.

"निकम," ते म्हणाले, "अकरा तास तुम्ही हा रिकामा चालवताय?"

तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं. वहीत तासातासाचे आकडे लिहिणारा मी, एवढी मोठी बॅटरी बांधली आणि तिच्यावर दिवसभर नुसता गारवा सांभाळला! भाऊ म्हणाले, "काढा की ती पिन." मी वाकलो, पिनेला हात लावला.

आणि तसाच हात मागे घेतला. माझी हिंमतच झाली नाही.